कोऱ्या पाण्याचा आकडा

अंबूबाईंची आणि माझी ओळख कळंब्याच्या प्राथमिक शाळेत संध्याकाळी सहा वाजता भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. ते २००३ साल होते. वर्गात आम्ही अकरा जणी होतो आणि माझी बसण्याची जागा त्यांच्या शेजारी होती. पहिल्या दिवशी शिक्षिकाबाईंनी प्रत्येकीला विचारले, की या वयात अक्षरे कशासाठी शिकायची आहेत. कोणी एस.टी.ची पाटी वाचण्यासाठी म्हणाली, कोणी अंगठा उठवण्याची लाज वाटते म्हणून म्हणाली. अंबूबाईंची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “शून्याच्या पुढं टिंब असतंय बघा, मला त्याच्या पुढचं वाचायचंय.”

शिक्षिकाबाई थोड्या गोंधळल्या. “तो दशांश अपूर्णांक झाला. आपल्या पुस्तकात नाही तो.”

“पुस्तकात नसंना. माझ्या कामात हाय.”

“काय काम करता तुम्ही?”

“माशाच्या पाण्यातलं तांबं मोजते.”

मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणाले, “तांब्यानं पाणी मोजतात हे ऐकलंय, पण पाण्यातलं तांबं पहिल्यांदाच ऐकाले बाई.” सगळ्या हसल्या. अंबूबाईही हसल्या आणि खाली बसल्या. पुढची हकीकत मी त्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकली आणि तिची साक्ष देणारी वही माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणून ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

अंबूबाईंच्या माहेरी पानमळा होता. वेलींवर रोग पडला, की त्यांचे वडील चुना आणि मोरचूद पाण्यात कालवून फवारीत. निळ्या खड्यांचे ते मोरचूद म्हणजे तांब्याचेच क्षार, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. पण पाणी किती निळे झाले म्हणजे वेल वाचतो आणि किती झाले म्हणजे करपतो, हे त्या आठव्या वर्षी सांगू शकत. लग्न होऊन त्या इचलकरंजीला गेल्या. यजमान लवकर वारले आणि त्या कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात लागल्या. तेथे त्यांनी एकोणीस वर्षे काढली. रंगवलेली चिंधी मूळ नमुन्याशी जुळते की नाही, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेथील गुंडू मास्तरांनी त्यांना शिकवले होते, की रंग पाहायचा तो दारात उभे राहून, ऊन पाठीशी घेऊन, पांढऱ्या कापडावर ठेवून. आणि मनात तीन अंक मोजून होतील तितकाच वेळ. “जास्त वेळ बघितलं, की डोळा आपल्या मनासारखं सांगाय लागतोय,” असे मास्तर म्हणत.

सन २००० मध्ये तो कारखाना बंद पडला. मुलाला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम मिळाले, म्हणून मायलेक कळंब्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. अंबूबाईंनी शहरातील एका शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या टाक्या घासण्याचे काम धरले.

दुकानाचे मालक श्रीशैल हे गडहिंग्लजच्या व्यापारी घराण्यातले. घरी मिरची आणि शेंगांचा व्यापार होता. परंतु विज्ञानाची पदवी घेतल्यामुळे गादीवर बसणे त्यांना नकोसे झाले. १९९६ साली त्यांनी कोल्हापुरात हे दुकान थाटले. आधी साधे सोनेरी मासे, नंतर समुद्रातले रंगीत मासे ते चेन्नईहून मागवू लागले. रत्नागिरीहून कॅनमध्ये भरून समुद्राचे पाणी येई. मासे मात्र अंगावर पांढरे ठिपके घेऊन येत. तो रोग इतर टाक्यांत पसरू नये म्हणून नव्या माशांना चौदा दिवस वेगळ्या टाकीत ठेवून पाण्यात मोरचुदाचे औषध घालावे लागे. त्या टाकीला दुकानात सगळे दवाखाना म्हणत. या औषधाचे माप फार नाजूक असते. लिटरमागे शून्य पूर्णांक पंधरा शतांश मिलिग्रॅमपेक्षा तांबे कमी पडले, तर रोग जगतो. शून्य पूर्णांक वीसच्या फार वर गेले, तर मासा मरू लागतो. म्हणून रोज पाणी मोजायचे. काचेच्या नळीत थोडे पाणी घ्यायचे, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि आलेला निळा रंग छापील पट्टीवरच्या चौकोनांशी ताडून पाहायचा.

एके दिवशी श्रीशैल टाकीच्या दिव्याखाली नळी धरून डोळे बारीक करून उभे होते. अंबूबाई मागे ओला स्पंज घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मालक, ते तिसऱ्या चौकोनाच्या अलीकडं हाय.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“दारात या. हितला दिवाच निळा हाय, त्यात निळं काय दिसणार.”

श्रीशैल दारात आले. रंग तिसऱ्या चौकोनाच्या अलीकडेच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली. मोजून-मापून तांबे घातलेल्या पाण्याच्या चार बाटल्या त्यांनी अंबूबाईंच्या पुढे ठेवल्या. अंबूबाईंनी त्या बरोबर क्रमाने लावल्या आणि वर सांगितले, “ह्या दोन एकच हायत. मला फसवायला ठेवलाय.” ते खरे होते. त्या दिवसापासून मोजमाप त्यांच्याकडे आले. त्या सांगत आणि श्रीशैल लिहून घेत. पुढे श्रीशैलच म्हणाले, “अंबूबाई, लिहायला शिका. मी गावाला गेलो तर आकडा कोण लिहिणार?”

अशा रीतीने त्या वर्गात आल्या. वर्ग सुटल्यावर शिक्षिकाबाई त्यांना पाटीवर दशांशाची स्थाने वेगळी शिकवीत. गणपती झाल्यावर एके दिवशी अंबूबाई वर्गात आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “आज वहीत माझ्या हातानं लिवलं. शून्य, टिंब, पंधरा.” त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी कधी तसा पाहिला नव्हता.

त्याच सुमारास एका मोठ्या हॉटेलचे मालक विजयसिंह दुकानात आले. दिवाळीच्या पाडव्याला त्यांना हॉटेलात समुद्री माशांची टाकी सुरू करायची होती.

“श्रीशैलराव, पावणं जेवाय बसलं की समोर मासं फिरलं पाहिजेत. बाकी मला काय कळत न्हाई.” मग त्यांचे लक्ष दारात नळी आभाळाकडे धरून उभ्या असलेल्या अंबूबाईंकडे गेले. “ह्या मावशी काय करायल्यात? सूर्याला अर्घ्य सोडायल्यात व्हय?”

“औषध मोजतात,” श्रीशैल म्हणाले. “त्यांचा डोळा माझ्यापेक्षा चांगला हाय.”

“मग टाकी आमच्याकडं आली, की मावशींनाच लावा तिथं.”

“लावू की. मासे तेवढे दवाखान्यातनं सुखरूप निघूंदेत.”

या एका वाक्यावर अंबूबाईंनी सगळी मदार ठेवली. तीन वर्षे खाऱ्या पाण्यात हात घालून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भाकरी थापताना त्या झोंबत. वर्गात त्या मला म्हणाल्या, “तिथं घासायचं काम न्हाई. नुसतं बघायचं आणि लिवायचं. खुर्ची हाय म्हणत्यात.”

माशांसाठी दवाखान्याची नवी टाकी आणली. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिची पूजा ठरली. श्रीशैल यांच्या आई मल्लव्वा त्यासाठी गडहिंग्लजहून आल्या. अंबूबाईंना घरी मुलाच्या हत्यारांची पूजा होती, म्हणून त्या दुपारी लवकर गेल्या. त्यांच्यामागे जे घडले ते त्यांना पुष्कळ उशिरा कळले. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून मी ते येथेच सांगते.

मल्लव्वांनी टाकीला हळद-कुंकू लावले, नारळ वाढवला आणि विचारले, “नव्या पाण्यात पैसा सोडलास काय, श्रीशैल?”

“टाकी हाय अव्वा, कलश न्हवं.”

“पाणी ते पाणीच. नव्या पाण्याला तांब्याचा पैसा दिल्याबिगर ते घराला धरत न्हाई. झाकण धर.”

देवघरातल्या डबीतून त्यांनी पाच जुने ढब्बू पैसे आणले होते. ते कोणी उचलू नयेत आणि माशांनी तोंडात धरू नयेत म्हणून, कोपरापर्यंत हात बुडवून, त्यांनी ते पाणी गाळणाऱ्या स्पंजाच्या बुडाखाली सारले. श्रीशैल झाकण धरून उभे होते. विज्ञानाची पदवी घेतलेला तो मनुष्य; पण आईच्या हातचा पैसा त्यांच्या मनात पूजेकडे जमा झाला, तांब्याकडे झाला नाही.

सोमवारी सकाळी अंबूबाईंनी नियमाप्रमाणे औषध घालण्यापूर्वी कोरे पाणी मोजले. नळी नितळ, बिनरंगी राहायला हवी होती. त्यांनी ती दारात नेली, पांढऱ्या रुमालावर धरली, तीन अंक मोजले, पुन्हा धरली.

“मालक, पाणी कोरं न्हाई. निळ्याची सावली हाय.”

“औषधच घातलं न्हाई अजून, तर निळं कुठनं येणार?”

“ते मला ठाऊक न्हाई. मी नळीत हाय ते सांगाले.”

त्यांनी वहीत शून्य, टिंब, शून्य, पाच असे लिहिले. श्रीशैल यांनी वही ओढून घेतली, त्या आकड्यावर तांबड्या पेनाने रेघ मारली आणि शेजारी मोठे शून्य काढले. अंबूबाई त्या वेळी काहीतरी बोलल्या. श्रीशैल हसले आणि विषय संपला.

मंगळवारी चेन्नईहून आठ मासे आले. चार नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले, दोन पिवळे, दोन गडद निळे. पिवळ्यांच्या परांवर ठिपके होतेच. श्रीशैल यांनी औषध मापून घातले. संध्याकाळी पंधरा यायला हवे होते, ते वीस आले. “चालतंय,” ते म्हणाले. बुधवारी पंचवीस आले.

“औषध दोनदा घातलासा काय?” श्रीशैल यांनी विचारले.

“बाटली तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. मी काय फुंकर मारून घालू?”

गुरुवारी अंबूबाईंनी तीस लिहिले. श्रीशैल यांनी नळी हातात घेतली आणि टाकीच्या निळ्या दिव्याखालीच धरली. दारात येण्याइतकाही धीर त्यांना नव्हता. हॉटेलात काच बसवणारे थांबले होते. “पॉइंट वीस हाय हे. तुमचा डोळा दमलाय.” पुन्हा तांबडी रेघ पडली. ठिपके अजून गेले नव्हते, म्हणून जाता जाता त्यांनी औषधाचे आणखी थोडे थेंब टाकले. अंबूबाई स्पंज घेऊन उभ्या होत्या. त्यांचा हात टाकीतल्या पाणी गाळणाऱ्या स्पंजाच्या बुडापासून वीतभर अंतरावर होता, असे त्यांनी मला पुढे अनेकदा सांगितले.

शुक्रवारी सकाळी नळीतला रंग तीसच्या चौकोनाला मागे टाकून पन्नासच्या चौकोनाकडे निघाला होता. मासे खाण्याला तोंड लावीत नव्हते. पिवळे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करीत होते आणि एक निळा कुशीवर कलला होता. अंबूबाईंनी हॉटेलात फोन लावून श्रीशैल यांना फोनवर बोलावून घेतले.

“मालक, चाळीसाच्या वर हाय. निम्मं पाणी काढून नवं घालते. कॅन भरून ठेवलाय.”

“हात लावू नका. पाणी बदललं की औषध पातळ होतंय आणि चार दिवसांची मेहनत वाया.”

“मासं टेकाय लागल्यात.”

“औषधानं सुस्तावत्यात. मी येतोय. तोवर हात लावायचा न्हाई, सांगितलं की न्हाई?”

“सांगितलं,” असे म्हणून अंबूबाईंनी फोन ठेवला.

त्यांनी समुद्राच्या पाण्याचा कॅन ओढत आणून टाकीच्या पायाशी ठेवला. बूच काढले. पंप आणि नळी जोडून ठेवली. आणि स्टुलावर बसून राहिल्या. दुकानात त्यांना अडवणारे दुसरे कोणी नव्हते. श्रीशैल संध्याकाळी सहा वाजता आले, तेव्हा दोन्ही पिवळे, दोन्ही निळे आणि दोन नारिंगी मासे तळाला पडले होते. पाणी बदलल्यावर उरलेले दोन नारिंगी जगले. अंबूबाईंना माणसांचे बोलणे सोसण्याची सवय होती, परंतु त्या दिवसाविषयी त्या एकच गोष्ट बोलत, “मी सांगितल्यालं ऐकलं. बूच काढून बसले आणि सांगितल्यालं ऐकलं.”

शनिवारी विजयसिंह दुकानात आले. टाकीत दोनच मासे पाहून ते काचेजवळ वाकले.

“श्रीशैलराव, दोन माशांसाठी मी भिंत फोडली व्हय?”

श्रीशैल खाली पाहत म्हणाले, “औषध जास्त झालं. आमच्या बाई नवीनच लिहायला शिकल्यात. टिंब चुकलं.”

अंबूबाई मागच्या टाकीत हात घालून उभ्या होत्या. त्यांनी हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि पुढे आल्या.

“टिंब जाग्यावर हाय. वही बघा.”

“मावशी,” विजयसिंह म्हणाले, “टिंबात सहा मासं बुडवलासा आणि आता वही दाखवताय. वही बघून मासं उठणार हायत काय?” मग श्रीशैलना म्हणाले, “दुसरं मासं आणा. आणि टाकी बघायला माणूस शिकल्याला द्या. मावशींना घासूंदेत.”

वही काउंटरवर होती. ती कोणी उघडली नाही.

सोमवारी अंबूबाईंनी उरलेले दोन मासे वेगळ्या टाकीत हलवून दवाखाना रिकामा केला. पाणी गाळणारा स्पंज उचलला तेव्हा त्याच्या बुडाखाली पाच गोल नाणी निघाली. कडांना हिरवी, मध्ये मोरचुदासारखी निळसर. त्यांनी ती पांढऱ्या ताटलीत एका ओळीत मांडली आणि काउंटरवर श्रीशैल यांच्यासमोर ठेवली. श्रीशैल यांनी ताटलीकडे पाहिले, मग वहीकडे पाहिले. त्यांना लगेच समजले. मल्लव्वा आत चहा घेत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं अंबव्वा, काढलंस व्हय? दे इकडं. मासंच ऱ्हायलं न्हाईत तर मान कुणाला द्यायचा.” दोन्ही बाजूंनी चिंच लावून त्यांनी ते पैसे घासले, धुतले आणि डबीत ठेवले. एक नाणे मात्र अंबूबाईंनी मागून घेतले. समुद्राच्या पाण्याच्या पेल्यात ते दोन दिवस ठेवले आणि ते पाणी मोजून नळी दारात नेली. या वेळी श्रीशैलही न बोलावता दारात आले. पट्टीवर त्याच्यापेक्षा गडद चौकोन नव्हता.

“अव्वाला सांगू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिला वाटंल, मासे तिच्या हातानं मेले.”

“न्हाई सांगत. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं?” अंबूबाई म्हणाल्या. “पण विजयसिंहरावांना सांगा, की आकडा बरोबर हुता.”

“ते कसं सांगू? एकदा एक सांगून बसलोय. आता दुसरं सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“आणि माझ्यावर?”

श्रीशैल बेसिनकडे वळले. ते नळी धुऊ लागले. ते काम एरवी अंबूबाईंचे होते.

पाडव्याला हॉटेलची टाकी सुरू झाली. ती पाहण्यासाठी बारावी पास झालेला एक माणूस नेमला गेला. अंबूबाई दिवाळीनंतर पंधरा दिवस टाक्या घासत राहिल्या. मग त्यांनी काम सोडले. जाताना श्रीशैल त्यांना म्हणाले, “ही वही आता माझ्या कामाची न्हाई. निम्मी कोरी हाय, अभ्यासाला न्या.” त्यांना ते चांगुलपण वाटले असावे.

ती वही अंबूबाईंनी वर्गात आणली. मागच्या कोऱ्या पानांवर त्या शुद्धलेखन लिहीत. जोडाक्षरे आली तेव्हा त्यांनी त्यात पानेच्या पाने भरली. एका संध्याकाळी मी पुढची पाने उलटली. दवाखान्याचे आकडे एकाखाली एक होते, वेडेवाकडे काढलेले, परंतु टिंब प्रत्येक ठिकाणी आपल्या जागी होते. त्या आठवड्याच्या ओळींत दोन तांबड्या रेघा होत्या. एक गुरुवारच्या तीसवर. दुसरी, तिच्याही वर, सोमवारच्या शून्य, टिंब, शून्य, पाचवर. आणि त्याच्या शेजारी श्रीशैल यांनी काढलेले मोठे गोल शून्य. त्या शून्याच्या पुढे कागद कोरा होता. मी तेथे बोट ठेवून विचारले, की पहिली रेघ मारली तेव्हा तुम्ही काय बोललात, ज्यावर मालक हसले. अंबूबाईंनी वही आपल्याकडे ओढली आणि आपलेच शब्द जसेच्या तसे सांगितले.

“मालक, माझ्या आकड्यावर रेघ मारताय तर मारा. फक्त शेजारी तुमची सही करा.”